उंदराच्या बाजूने

मांजराचा खेळ होतो, पण उंदराचा जीव जातो. माझी आजी ही म्हण सावकाराबद्दल वापरायची, कधी गावातल्या मोठ्या वाड्याबद्दल, आणि एकदा अवेळी आलेल्या पावसाबद्दलही वापरल्याचं मला आठवतं. तिच्या बोलण्यातलं मांजर कधीच खरं मांजर नसायचं. मी मात्र सध्या ती म्हण शब्दशः घेऊन बसले आहे. खेळ कशाला म्हणावं याची एक कसोटी तिच्यात आहे, असं मला वाटायला लागलंय. समोरच्याचा जीव जात असेल तर तो खेळ एकट्या मांजराचा. उंदराला विचारलं तर तिथे खेळ चाललाच नव्हता.

या कसोटीला मुलांचे मोबाइलवरचे नि कॉम्प्युटरवरचे गेम सहज उतरतात. तिथे उंदीरच नाही. गोळी लागून जो पडतो तो पुढच्या डावात पुन्हा उभा राहतो, नाहीतर तो मुळात कधी नव्हताच. म्हणजे आजीची म्हण माझ्या मुलाला खेळायची मोकळीक देते. पण तेवढ्याने माझं मन स्वस्थ होत नाही. उंदीर काढून टाकला तरी मांजर उरतं, आणि चौदा वर्षांच्या मुलाच्या आईला काळजी असते ती मांजराचीच. खेळून खेळून त्याचं काय होतं, याबद्दल म्हण काही बोलत नाही.

आमच्या लहानपणी उंदीर खरा असायचा. पावसाळा ओसरला की कुंपणावर चतुर बसायला लागायचे. दबक्या पावलांनी जाऊन, श्वास रोखून, चिमटीत त्यांची शेपटी धरायची आणि तिला शिवणाचा दोरा बांधायचा. मग चतुर उडायचा आणि दोऱ्याचं टोक आमच्या हातात. सोनकिडे काडेपेटीत ठेवायचे, त्यांना पाला घालायचा, दर तासाला पेटी उघडून बघायचं. कुणाच्या पेटीतला किडा किती हिरवा चमकतो यावर भांडणं व्हायची. दोन-चार दिवसांत तो हलायचा थांबायचा आणि दुसरा शोधला जायचा. घरातल्या मोठ्यांपैकी कुणालाही हा खेळ मुलांच्या वयाला योग्य आहे का, असा प्रश्न पडलेला मला आठवत नाही. उन्हात फिरू नका, एवढंच सांगायचे. चतुर पकडण्यात सगळ्यांत तरबेज असलेला आमच्या आळीतला मुलगा पुढे गुरांचा डॉक्टर झाला. यावरून काय समजायचं, हे मला आजही सांगता येणार नाही. चतुरांमुळे झाला असं म्हणवत नाही, चतुर असूनही झाला असंही म्हणवत नाही.

आता निदान कुणीतरी गेमवर वयाचा आकडा लिहितं. अमेरिकेत याची सुरुवात एका मारामारीच्या गेममुळे झाली. १९९३ मध्ये ‘मॉर्टल कॉम्बॅट’ घरोघरीच्या यंत्रांवर आला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात तिथल्या सिनेटमध्ये सुनावणी बसली. निन्टेन्डोने आपल्या यंत्रावरच्या आवृत्तीत रक्ताचा करडा घाम करून टाकला होता. सेगाच्या यंत्रावर ठरावीक क्रमाने बटणं दाबली की रक्त दिसायचं, आणि तो क्रम मुलांना तोंडपाठ असायचा. पुढच्याच वर्षी, १९९४ मध्ये, गेमना वयाचे शिक्के देणारं ईएसआरबी हे मंडळ उद्योगाने स्वतःच उभं केलं. युरोपात २००३ पासून पेगी या व्यवस्थेचे आकडे आहेत: ३, ७, १२, १६, १८. आपल्याकडे सिनेमाला १९५२ च्या कायद्याप्रमाणे प्रमाणपत्र लागतं, आणि २०२३ च्या दुरुस्तीनंतर त्यात ७, १३ आणि १६ असे वयाचे टप्पेही आले. गेमसाठी असं मंडळ नाही. बहुतेक मोबाइलवर गेम उतरवताना जो आकडा दिसतो तो एका आंतरराष्ट्रीय व्यवस्थेतून येतो. गेम बनवणाराच एक प्रश्नावली भरतो, रक्त दिसतं का, शिव्या आहेत का, जुगार आहे का, आणि त्या उत्तरांवरून आकडा निघतो.

त्या प्रश्नावलीबद्दल माझी तक्रार नाही. दुकानात उभ्या असलेल्या, घाईत असलेल्या आईला तेवढाही आधार मोठा असतो. पण प्रश्नावलीतले मारामारीबद्दलचे सगळे प्रश्न उंदराबद्दल आहेत. तो कसा मरतो, किती जवळून दिसतो, त्याचं रक्त कुठल्या रंगाचं. १९९३ मध्ये घाम करडा झाला. आपल्याकडे पबजी या गेमवर २ सप्टेंबर २०२० ला बंदी आली आणि पुढच्या वर्षी त्याचं भारतीय रूप बीजीएमआय आलं, तेव्हा त्यातलं रक्त हिरवं केलेलं होतं. अठराच्या आतल्यांना पालकांची संमती लागते आणि दिवसाला तीन तासांची मर्यादा आहे. तीन तासांचं मला समजतं, डोळे आहेत, झोप आहे, अभ्यास आहे. हिरव्या रक्ताचं मात्र मला फार वेळ विचार करूनही समजत नाही. ते पाहून मुलाच्या मनात नेमकं काय कमी होत असेल?

तो गेम तर आजीच्या म्हणीत बसवणंच कठीण आहे. शंभर जण बेटावर उतरतात आणि शेवटी एक उरतो. म्हणजे प्रत्येक जण एकाच वेळी मांजर आणि उंदीर. २०१९ मध्ये पबजीवर बंदी घालावी म्हणून मुंबई उच्च न्यायालयात एक जनहित याचिका झाली होती. याचिका करणारा अकरा वर्षांचा मुलगा होता, आईमार्फत त्याने ती केली होती. त्याच वर्षी राजकोटमध्ये हा गेम खेळणाऱ्या तरुणांना पोलिसांनी अटक केली. अटकेची बातमी मी विसरले असते, पण याचिकेची विसरले नाही. तो मुलगा आता सज्ञान झाला असेल किंवा होत आला असेल. त्या बंदीबद्दल आता त्याचं काय मत आहे, हे मला खरोखरच जाणून घ्यायला आवडेल. मुलांना काय योग्य, यावर इतकी मोठी माणसं बोलत असताना एका मुलाने स्वतः न्यायालयात जाऊन म्हटलं की हे आम्हाला नको. त्याच्या आईने त्याला तिथवर नेलं की त्याने आईला नेलं, हेही मला विचारायचं आहे.

माझ्या मुलाने खेळायला मागितलेला गेम मॉर्टल कॉम्बॅट किंवा पबजीसारखा नाही. त्याचं नाव ‘धिस वॉर ऑफ माइन’. पोलंडच्या एका स्टुडिओने २०१४ मध्ये तो आणला, साराजेव्होच्या वेढ्यावरून सुचलेला. १९९२ ते १९९६ एवढा काळ ते शहर वेढलेलं होतं आणि आत साधी माणसं पाणी, सरपण, औषधं शोधत जगत होती. गेममधल्या शहराचं नाव पोगोरेन आहे, ते नकाशावर नाही. खेळणाऱ्याच्या हातात सैनिक नसतो. पडक्या घरात तीन माणसं असतात. पाव्हले जोरात पळू शकतो, ब्रुनो चांगला स्वयंपाक करतो, कातियाला घासाघीस जमते. दिवसा बाहेर नेमबाज असतात म्हणून घरातच राहायचं, चूल करायची, भिंतीची भोकं बुजवायची. रात्री एकाने बाहेर जाऊन मिळेल ते आणायचं.

युरोपात या गेमला १८ चा आकडा आहे. आणि त्याच पोलंडच्या सरकारने २०२० मध्ये तो शाळांच्या शिफारशीच्या यादीत घेत असल्याचं जाहीर केलं, वरच्या वर्गातल्या मुलांसाठी, पुस्तकांच्या शेजारी. लहान मुलांपासून लपवावा इतका कठोर आणि मोठ्या मुलांनी चुकवू नये इतका मोलाचा. या दोन्ही गोष्टी एकाच गेमबद्दल खऱ्या असू शकतात हे मला पटतं. अडचण एवढीच की त्या दोन वयांच्या मधल्या पायरीवर कुठेतरी माझा मुलगा उभा आहे.

इथे म्हण उलटी होते, आणि त्यामुळेच मी तिला सोडू शकत नाही. या गेममध्ये खेळणारा उंदीर असतो. प्रश्नावली त्याला १८ देते, मांजर होऊन खेळायच्या कितीतरी गेमनाही १८ देते. मारण्याचा १८ आणि मरणाच्या भीतीत जगण्याचा १८ एकच असतील का?

म्हण एवढी चघळल्यावर खऱ्या मांजराकडे वळणं भागच होतं. मांजर उंदराशी खेळतं म्हणजे करतं काय, ते मी वाचत गेले आणि खूप लांब गेले. आपल्याकडे म्हणतात मांजर आपली पिल्लं सात घरं फिरवतं. ते फिरवत असताना आणखी एक गोष्ट करतं. पिल्लं थोडी मोठी झाली की आई आधी मेलेला उंदीर आणून त्यांच्यापुढे टाकते. काही दिवसांनी अर्धमेला आणते. मग जिवंत आणून सोडते, आणि पळाला तर पुन्हा धरून आणते. म्हणजे मांजराच्या घरी वयाचे टप्पे आहेत. किती वयाला कसला उंदीर, हे आई ठरवते. हे वाचलं तेव्हा मला इतका आनंद झाला की मी ते घरात सगळ्यांना सांगितलं. मुलगा म्हणाला, “आई, मग मी कुठल्या उंदरावर आहे?” त्याला हसू येत होतं, पण प्रश्न खरा होता.

मांजरापेक्षाही नीट उत्तर आफ्रिकेतल्या कालाहारीत मिळतं. तिथे मीरकॅट नावाचा, मुंगसाच्या कुळातला प्राणी कळपाने राहतो आणि विंचू खातो. पिल्लं लहान असताना मोठे त्यांना मेलेला विंचू देतात. पुढे जिवंत देतात, पण नांगी तोडून. मग नांगीसकट. अ‍ॅलेक्स थॉर्न्टन आणि कॅथरीन मॅकऑलिफ यांनी हे तपासून २००६ मध्ये ‘सायन्स’मध्ये प्रसिद्ध केलं. पिल्लू विंचवाशी झटत असताना मोठा प्राणी तिथेच थांबतो, बघतो, पिल्लू बुजलं तर विंचू नाकाने त्याच्याकडे ढकलतो. हे सगळं वाचताना मी मनात होय होय म्हणत होते. असंच करायला हवं, आधी नांगी तोडून, मग नांगीसकट, आणि शेजारी बसून.

पण त्यांच्या प्रयोगाचा पुढचा भाग वाचला आणि माझा होकार डळमळला. मोठ्या मीरकॅटला पिल्लाचं वय कळतं कशावरून? त्याच्या आवाजावरून. भूक लागली की पिल्लं ओरडतात आणि वयाबरोबर तो आवाज बदलतो. अभ्यासकांनी लहान पिल्लांच्या कळपात मोठ्या पिल्लांच्या आवाजाचं ध्वनिमुद्रण वाजवलं, तर मोठे प्राणी जास्त जिवंत शिकार आणू लागले. पिल्लं डोळ्यांसमोर होती, तेवढीच लहान होती, तरी. मोठ्या पिल्लांपाशी लहानांचा आवाज वाजवला तर उलट झालं.

माझ्या मुलाचा आवाज यंदा फुटला. फोन उचलला की नातेवाईक त्याला त्याचे बाबा समजून बोलायला लागतात. आणि खरं सांगायचं तर गेल्या काही महिन्यांत मी त्याला ज्या गोष्टी करू दिल्या, एकट्याने रेल्वेने काकाकडे जाणं, रात्री उशिरापर्यंत जागणं, घरातल्या पैशांच्या बोलण्यात बसणं, त्या सगळ्या त्या आवाजाला दिल्या. मनाने तो किती मोठा झाला हे मी मोजलेलं नाही. कसं मोजतात हेही मला माहीत नाही. “आई, मी खेळू ना?” हे त्याने दोन वर्षांपूर्वीच्या आवाजात विचारलं असतं तर मी एवढा विचार केला असता का? बहुतेक नाही. सरळ नाही म्हटलं असतं आणि मला ते बरोबरच वाटलं असतं.

याहून जास्त गोंधळात टाकणारी गोष्ट पुढे होती. लहानपणचा खेळ ही मोठेपणाची तालीम असते, हे आपण सगळेच धरून चालतो. गेमला घाबरणारे याच समजावर घाबरतात: आज पडद्यावर मारतो, उद्या खरं मारेल. गेमचं कौतुक करणारेही याच समजावर उभे असतात: युद्धाची झळ समजेल, माणसांबद्दल कळवळा येईल. पोलंडच्या यादीमागेही हीच आशा असणार. पण टिम कॅरो या अभ्यासकाने मांजरांवर केलेले प्रयोग १९८० मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांत वस्तूंशी खेळायला मिळालेली पिल्लं आणि न मिळालेली पिल्लं मोठेपणी शिकारीत सारखीच निघाली. लिंडा शार्प यांनी कालाहारीतल्या मीरकॅटांच्या लुटुपुटूच्या मारामाऱ्यांचा माग ठेवला. लहानपणी जास्त मारामारी खेळलेली पिल्लं पुढे खऱ्या मारामारीत जास्त जिंकतात असं त्यांना आढळलं नाही. तो निष्कर्ष २००५ मध्ये आला.

माणसाचं पोर मीरकॅट नाही, हे मला कळतं. तरी ते वाचल्यापासून माझ्या भीतीखालची आणि माझ्या आशेखालची जमीन एकदमच सरकली आहे. खेळ कसलीच तालीम नसेल तर मुलगा गोळ्या घालून बिघडणार नाही. पण मग पोगोरेनमध्ये उपाशी राहून शहाणाही होणार नाही. मग तो तिथे करतो काय? कशासाठी इतका गुंतून बसतो? कॅरोच्याच प्रयोगांत एक गोष्ट फरक करणारी निघाली होती. लहानपणी उंदराशी गाठ पडली तेव्हा आई जवळ होती का. हे वाचून मला धीर यावा असं कुणालाही वाटेल. मला त्याने जबाबदारीच जास्त जाणवली, कारण जवळ असून काय करायचं ते मांजरीला ठाऊक असतं.

“आई, तू आधी खेळून बघ ना,” असं तोच म्हणाला होता. मी खेळले. तो मात्र मित्राकडे आधीच खेळून आला होता, हे मला नंतर कळलं. आईवडील ठरवत बसतात तेव्हा बहुतेक वेळा गोष्ट घडून गेलेली असते, आणि त्याचा मला रागही आला नाही.

माझा ब्रुनो आजारी पडला. घरात औषध नव्हतं. गेममध्ये एका म्हाताऱ्या जोडप्याचं शांत घर आहे, तिथे औषध असतं, अन्न असतं, आणि अडवायला कुणी नसतं. म्हातारा मागे मागे येतो आणि विनवत राहतो, बायको आजारी आहे म्हणतो. मी कपाट उघडलं आणि तसंच मिटून परत आले. काही रात्रींनी ब्रुनो मेला. मुलगा शेजारी बसला होता. तो म्हणाला, “मी घेतलं होतं औषध. सगळं नाही, पण घेतलं.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “तू चांगली राहिलीस, पण ब्रुनो मेला.”

आजीच्या म्हणीत याला जागा नाही. तिथे मांजर मांजर असतं आणि उंदीर उंदीर. इथे एक उंदीर जगण्यासाठी दुसऱ्या, आणखी म्हाताऱ्या उंदराच्या घरात शिरतो. माझ्या मुलाने औषध घेतल्यावर त्याची तिन्ही माणसं खचली, कामं करेनाशी झाली, असं तो सांगत होता. ते सांगताना त्याला वाईट वाटत होतं का? मी त्याच्या आवाजाकडे कान देऊन ऐकत होते, आणि त्या नव्या जाड आवाजातलं मला अजून काही ओळखता येत नाही. त्याने ते थट्टेने सांगितलं असतं तर मी घाबरले असते. रडून सांगितलं असतं तरी घाबरले असते. त्याने ते गणित सोडवल्यासारखं सांगितलं, आणि हिशेब चुकीचा होता असं मला म्हणता आलं नाही. या घराच्या बाहेर, पडद्याच्या बाहेर, त्याने असंच गणित करावं अशी माझी इच्छा आहे का? कधीकधी वाटतं हो. माझ्यासारखा रिकाम्या हाताने परत येऊन घरातलं माणूस गमावणारा तो होऊ नये. मग त्या म्हाताऱ्याचं विनवणं आठवतं आणि वाटतं, चौदाव्या वर्षी कुणी हे गणित करून दाखवू नये, खेळातसुद्धा नाही.

तो मला सांगतो, पुन्हा खेळ आणि या वेळी औषध घे, मग आपण बोलू. मी अजून खेळलेले नाही. औषध घेतल्यावर मला फार लागेल याची भीती आहे की काहीच लागणार नाही याची, हे मला नीट सांगता येत नाही. गेम घरातल्या कॉम्प्युटरवर आहे. मी तो काढून टाकलेला नाही आणि त्याला हो म्हटलेलं नाही. नाही म्हणायचं असेल तर कारण सांग, असं त्याचं म्हणणं आहे, आणि ते रास्त आहे. रात्री अंथरुणात मला कारण सापडतं, अगदी स्वच्छ. सकाळी त्याच्यासमोर ते बोलायला जाते तर तेच कारण हो म्हणण्याचंही वाटायला लागतं.